वळणावरची गाडी आणि एक ग्रंथ
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला एकच अट घातली आहे. ज्या ग्रंथाने वाचनालयाच्या भिंतींबाहेरचे काही बदलले, अशा एका ग्रंथावर बोलावे, ही ती अट. मराठीच्या प्राध्यापकाकडून आपण एखाद्या कादंबरीची किंवा आत्मचरित्राची अपेक्षा केली असेल. मी मात्र १९६५ सालच्या एका अमेरिकन पुस्तकावर बोलणार आहे, आणि तेही प्रामुख्याने त्याच्या पहिल्या प्रकरणावर. पुस्तकाचे नाव 'अनसेफ ॲट एनी स्पीड'. लेखक राल्फ नेडर नावाचा एकतीस वर्षांचा वकील. या पुस्तकामुळे अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या पहिल्या प्रकरणातला वाद नेमका कशाविषयी होता, हे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. तो वाद होता मोटारीच्या सस्पेन्शनविषयी. म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, दांडे आणि सांधे यांच्या मांडणीविषयी. मागच्या चाकांना जोर देणारी, इंजिनही मागेच असलेली एक गाडी वळणावर कशी वागते, आणि ती नीट वागावी म्हणून कारखान्याने काय करायला हवे होते, हा त्या प्रकरणाचा गाभा आहे.

'वळण' हा शब्द आपल्या भाषेत रस्त्यालाही आहे आणि माणसालाही. मुलाला वळण लावायचे असते, हाताला अक्षराचे वळण असते. गाडीलाही वळण लावावे लागते, आणि ते कारखान्यात लावले जाते. कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यावर चालकाच्या हाती चक्र, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एवढेच उरते. त्या तिघांना गाडी कसा प्रतिसाद देईल, हे आधीच ठरून गेलेले असते.

मुळात ही विद्या आपल्याला अगदी परकी नाही. बैलगाडीत ओझे भरताना शेतकरी ते पुढेमागे सरकवून पाहतो. मागे भार अधिक झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढचा भाग वर उचलला जातो आणि बैलांच्या मानेवरचे जू वर ओढले जाते. पुढे अधिक झाला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. आखाच्या पुढे किती आणि मागे किती, हा हिशेब कोणी कागदावर मांडत नसे, पण तो चुकला की चढणीवर कळत असे. मोटारीतही पहिला प्रश्न हाच असतो. फरक इतकाच की मोटारीत चार चाके असतात, वेग मोठा असतो, आणि वळणावर ओझे पुढेमागेच नव्हे तर आडवेही सरकते.

हे आडवे सरकणे थोडे सविस्तर पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो, हा सर्वांचा अनुभव. गाडीचा भारही तसाच बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो. आतली चाके हलकी होतात, बाहेरची जड होतात. किती भार सरकेल हे गाडीचा वेग, वळणाचा बाक, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर यांवर ठरते. येथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. स्प्रिंगा कडक केल्या, गाडी कमी कलली, म्हणजे भारही कमी सरकला असे वाटते. तसे होत नाही. गाडी कलली काय आणि ताठ राहिली काय, सरकणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच राहतो. सस्पेन्शनच्या हाती एवढेच असते की या सरकणाऱ्या भारापैकी किती वाटा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या जोडीने, हे ठरवायचे.

आणि हा वाटा महत्त्वाचा का? तर टायरच्या स्वभावामुळे. टायरवर भार वाढला की त्याची रस्त्यावरची पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. दोन्ही मागच्या टायरांवर तीनतीनशे किलो भार असताना प्रत्येकाची पकड २७० किलो आहे असे धरा. दोघांची मिळून ५४०. आता वळणावर दोनशे किलो भार आतल्या टायरवरून बाहेरच्यावर गेला. बाहेरच्यावर पाचशे झाले, पण त्याची पकड वाढून ४२० झाली. आतल्यावर शंभर उरले, त्याची पकड ९५. बेरीज ५१५. ओझे तेवढेच राहिले आणि पंचवीस किलोंची पकड हरवली. म्हणून ज्या जोडीने या सरकत्या भाराचा मोठा वाटा उचलला, ती जोडी आधी घसरणार.

पुढची जोडी आधी घसरली तर चक्र फिरवूनही गाडी हवी तेवढी वळत नाही. वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. याला मोटारवाले अंडरस्टिअर म्हणतात. मागची जोडी आधी घसरली तर गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी चालकाच्या इच्छेपेक्षा जास्त वळते, तो ओव्हरस्टिअर. शर्यतीच्या चालकाला थोडासा ओव्हरस्टिअर आवडत असेलही. सामान्य माणसाला तो झेपत नाही. गाडी वळत नाही असे दिसले की माणूस घाबरून वेग कमी करतो आणि चक्र अधिक फिरवतो. अंडरस्टिअरमध्ये हा उपाय बहुधा लागू पडतो. शेपूट निघाले असता मात्र चक्र उलट दिशेला फिरवावे लागते, तेही क्षणार्धात, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढून चालत नाही. पाय काढताच भार पुढे जातो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि शेपूट आणखी सुटते. भीतीने माणूस जे करतो, तेच येथे घातक ठरते.

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत आणखी एक अडचण आहे. टायरची पकड हा एक ठरावीक पगार समजा. पुढच्या टायरला त्यातून फक्त वळणाचा खर्च भागवायचा असतो. मागच्या टायरला त्याच पगारात दोन घरे चालवायची असतात. गाडी पुढे ढकलायची आणि तिला आडवे घसरू द्यायचे नाही. वळणात ॲक्सिलरेटर जोरात दाबला की पगाराचा मोठा भाग ढकलण्यात जातो आणि आडवे धरून ठेवायला थोडाच उरतो. म्हणून अशा गाडीचे सस्पेन्शन लावताना मागच्या जोडीवर शक्यतो मेहेरनजर ठेवायची असते. सरकत्या भाराचा मोठा वाटा पुढच्या जोडीच्या गळ्यात घालायचा आणि मागची दोन्ही चाके होता होईल तो समान भाराने जमिनीवर टेकून राहू द्यायची.

हे करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पुढे बसवलेला पोलादी दांडा. गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. तो डाव्या आणि उजव्या चाकांच्या दांड्यांना जोडलेला असतो. खड्ड्यात दोन्ही चाके एकदम वरखाली झाली तर तो नुसता फिरतो; गाडी कलू लागली, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली गेले, की तो पिळला जातो आणि विरोध करतो. पुढे जाड दांडा घातला की सरकत्या भाराचा पुढचा वाटा वाढतो, मागचा घटतो. म्हणजे पुढची पकड जाणूनबुजून थोडी कमी करून मागची राखायची. हे वरवर उलटे वाटते, पण हिशेब तसा आहे. तोच दांडा मागे घातला तर परिणामही उलटा होतो. मागे फार कडक केले तर आतले मागचे चाक हलके होऊन जागच्या जागी गरगरू लागते, आणि साध्या डिफरन्शियलच्या गाडीत सगळा जोर तेथेच वाया जातो.

बाकीची साधने थोडक्यात सांगतो. टायरमधली हवा हे सर्वांत हाताशी असलेले साधन. ज्या जोडीत हवा कमी, ती जोडी वळणावर अधिक आडवी सरकते. चाकांचा उभा झुकाव, ज्याला मेकॅनिक कँबर म्हणतात, तो असा ठेवतात की गाडी कलल्यावर बाहेरचे टायर रस्त्यावर सपाट बसावे. मागची चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली ठेवली तर शेपूट स्थिर राहते. शॉक ॲब्सॉर्बरचे काम भार किती सरकावा हे ठरवण्याचे नसून तो किती लवकर सरकावा हे ठरवण्याचे असते. म्हणून त्यांचा परिणाम वळणात शिरताना आणि बाहेर पडताना जाणवतो, मधल्या संथ भागात फारसा नाही.

आता पुस्तकाकडे येतो.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९५९ च्या अखेरीस, १९६० चे मॉडेल म्हणून, कॉर्व्हेअर नावाची गाडी बाजारात आणली. हवेने थंड होणारे ॲल्युमिनियमचे सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या आखाच्याही मागे. अमेरिकन बनावटीच्या गाड्यांत हे असाधारण होते. 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला १९६० सालची गाडी म्हणून गौरवले. गाडीच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मागच्या चाकांवर होता. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडी मुळातच उलाळ.

त्यात मागचे सस्पेन्शन स्विंग ॲक्सल पद्धतीचे होते. मागच्या प्रत्येक चाकाचा आख फक्त आतल्या टोकाशी, डिफरन्शियलजवळ, सांध्यावर फिरत असे. बाहेरच्या टोकाशी चाक त्याला घट्ट काटकोनात बसवलेले. दरवाजा बिजागरीवर फिरतो तसा आख वरखाली फिरे आणि त्याबरोबर चाकही तिरपे होई. वेगाने वळताना बाहेरच्या चाकावरचा आडवा दाब गाडीच्या मागच्या भागाला वर उचलू लागे. तो वर गेला की आख खाली कलून चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू पाही. टायर कडेवर उभा राही आणि ऐन गरजेच्या वेळी पकड नाहीशी होई. फोक्सवॅगन बीटलचे मागचे सस्पेन्शनही याच पद्धतीचे होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तिचे इंजिन लहान आणि हलके होते.

या दोषाला औषध नव्हते असे नाही. पुढचा स्टॅबिलायझर हेच ते औषध. तो विकासाच्या टप्प्यावर विचारात होता आणि काही डॉलरांच्या काटकसरीसाठी गाळला गेला. त्याऐवजी कंपनीने टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली. पुढच्या टायरांत चौरस इंचाला १५ पौंड, मागच्यांत २६ पौंड. तर्क चुकीचा नव्हता. पुढच्या टायरांत हवा कमी म्हणजे पुढची जोडी आधी सरकेल आणि शेपूट जागेवर राहील. पण हे औषध पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या हाती सोपवलेले होते. चारही टायरांत सारखी हवा भरण्याची सवय जगभर आहे. सूचनापुस्तिका उघडून कोण पाहतो? हवा सारखी झाली की गाडी पुन्हा मूळ स्वभावावर.

नेडरच्या प्रकरणातला मला सर्वांत परिणामकारक वाटलेला भाग आरोपांचा नाही, तर पुराव्याच्या शोधाचा आहे. तो कंपनीविरुद्ध कंपनीच्याच माणसाला साक्षीला उभा करतो. मॉरिस ओली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून १९३० साली जनरल मोटर्समध्ये आला. १९३२ च्या सुमारास त्याने एका मोठ्या कॅडिलॅकवर पुढेमागे सरकवता येणारी वजने बसवून, भार कोठे असला म्हणजे गाडी कशी वागते याचे पद्धतशीर प्रयोग केले. अंडरस्टिअर, ओव्हरस्टिअर या कल्पना अभियंत्यांच्या बोलण्यात रुजवणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्याच ओलीने १९५३ मध्ये युरोपातील युद्धोत्तर मोटारींवरील एका निबंधात, इंजिन मागे आणि स्विंग ॲक्सलही मागे अशा जोडीवर कडक टीका केली होती. म्हणजे कॉर्व्हेअर बाजारात येण्याच्या सहा वर्षे आधी हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण नेडरचे मुख्य हत्यार म्हणजे तांत्रिक निबंध, पेटंटचे कागद आणि न्यायालयातले दावे वाचून काढणे हेच होते.

यानंतर जे घडले ते प्रसिद्ध आहे, म्हणून भराभर सांगतो. पुस्तक नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. जनरल मोटर्सने लेखकाच्या मागावर खासगी हेर लावले. ते उघडकीस आल्यावर कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना २२ मार्च १९६६ रोजी सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नेडरने लावलेला खासगीपणाचा दावा १९७० मध्ये ४ लाख २५ हजार डॉलरांवर मिटला.

परंतु गाडीचे काय झाले, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९६२ पासून पुढचा स्टॅबिलायझर मागणी केल्यास, जादा पैसे देऊन मिळू लागला. १९६४ मध्ये तो प्रत्येक गाडीला बसवला गेला आणि मागे एक आडवा कमानपाटा आला. या पाट्याची युक्ती मोठी सुरेख आहे. तो मध्यभागी टेकलेला असतो. दोन्ही चाके एकदम वर आली तर तो भार घेतो; पण एक चाक वर आणि एक खाली गेले की तराजूच्या दांडीसारखा नुसता झुलतो. त्यामुळे मुख्य स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या, गाडी कलण्याला मागच्या बाजूचा विरोध कमी झाला आणि मागच्या टायरांवरचा सरकता भारही घटला. १९६५ च्या मॉडेलमध्ये तर स्विंग ॲक्सलच गेला. बाहेरच्या टोकालाही सांधा असलेले नवे सस्पेन्शन आले. म्हणजे नेडरचे पुस्तक दुकानात पोचले तेव्हा शेजारच्या दालनात उभी असलेली नवी कॉर्व्हेअर त्या दोषातून मुक्त झालेली होती. तरी विक्री कोसळली आणि १९६९ च्या मे महिन्यात, सुमारे १८ लाख गाड्या बनल्यानंतर, उत्पादन बंद पडले.

आणखी एक गोष्ट पुस्तकाच्या चाहत्यांना अडचणीची आहे. नेडरच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या वाहन-सुरक्षा विभागानेच पुढे १९६३ ची कॉर्व्हेअर, फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन आणि रेनॉ यांच्या समकालीन गाड्यांबरोबर चाचणीला लावली. १९७२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, ताबा सुटण्याचा धोका या गाडीत तिच्या काळच्या इतर गाड्यांहून वेगळ्याने अधिक नव्हता. यावरून नेडर खोटा ठरला असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. इतर गाड्याही फार चांगल्या नव्हत्या, एवढे त्यातून सिद्ध होते. नेडरचा मूळ प्रश्न वेगळा होता. उपाय माहीत असताना, तो स्वस्त असताना, तो ग्राहकाला चार वर्षे का दिला गेला नाही? त्या प्रश्नाला अहवालात उत्तर नाही. मात्र पुस्तकातला एक सूर, जणू ही एकच गाडी राक्षसी होती असा, अहवाल वाचल्यावर ओसरतो. दोन्ही वाचावेत.

आपल्याकडे याचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे पण जोर मागच्या चाकांना होता, मागे कमानपाटे होते, आणि कित्येक दशके आपण त्यांतूनच फिरलो. त्या बंद झाल्या, तरी ट्रक, एसटी, बोलेरोसारख्या गाड्या, घाटातून माणसे नेणाऱ्या जीप यांची मागचीच चाके गाडी ढकलतात. आपल्या भागातून चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटाने पावसाळ्यात उतरणाऱ्या गाड्यांत एक प्रघात आहे. माणसे आणि सामान जास्त भरता यावे म्हणून गॅरेजमध्ये मागे एकेक पाटा वाढवून घेतात. भरलेली गाडी त्याने बसत नाही, हे खरे. पण जाताना भरलेली गाडी येताना रिकामी असते. तेव्हा मागची बाजू गरजेहून फार कडक असते. सरकत्या भाराचा मोठा वाटा मागची जोडी उचलते, ओल्या रस्त्यावर आतले चाक हलके होते, आणि चालकाने घाबरून पाय काढला की शेपूट कड्याच्या बाजूला निघते. कॉर्व्हेअरमध्ये कारखान्याने जे गाळले, त्याच्या नेमके उलट आपण पदरचे पैसे खर्चून बसवतो. पाटा वाढवायचाच असेल तर निदान मागच्या टायरांची अवस्था पुढच्यांहून चांगली ठेवावी, आणि नवे दोनच टायर घेतले तर ते मागे बसवावेत. पुष्कळजण ते पुढे घालतात.

शेवटी एका जवळच्या गाडीचा उल्लेख करतो. २००८ मध्ये लोकांसमोर आलेली टाटा नॅनो, तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, हीसुद्धा मागे इंजिन आणि मागेच जोर असलेली. कोठे उभी दिसली तर तिची चाके न्याहाळून पाहा. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे, मागचे १५५ मिलिमीटरचे. पुढे अरुंद, मागे रुंद. स्वस्त गाडीत चारही टायर सारखे ठेवणे सोयीचे असते. तरीही येथे ते वेगळे ठेवले गेले. पोऱ्याने हवा सारखी भरली तरी टायरची रुंदी काही तो बदलू शकत नाही.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत, आणि सभागृहात उद्यमबागेतले काही जाणकार कारखानदारही मला दिसत आहेत. त्यांच्याकडून ऐकण्यासारखे पुष्कळ असल्याने मी येथे थांबतो.